पुढची काच आरपार

मालकीणबाईंच्या लेकाला एक खोड होती. दुसरा बोलायला लागला की हा मान डोलवायचा आणि कान बंद करून घ्यायचा. काचेच्या दुकानात गिऱ्हाईक एक माप सांगायचं, हा दुसरंच कापायचा. वर म्हणायचा, "तुमची चौकटच वाकडी."

बाईंच्या उजव्या डोळ्याला नेत्रदानातलं बुबुळ बसवलं तेव्हाही तेच. डावा डोळा लहानपणीच गेलेला, सगळी भिस्त या एकावर. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी लेकाला बजावलं, "चमका दिसल्या, सावली आली, की तसेच उठून या." लेकानं मान डोलवली.

थोडे दिवस बाई तोऱ्यात मिरवल्या. त्यांना कोपऱ्यातली जळमटं दिसू लागली आणि सुनेचा जीव मेटाकुटीला आला. मग एका सकाळी दुकानात बसल्या बसल्या डोळ्यात ठिणग्या उडाल्या. दुपारपर्यंत खालून काळोख चढू लागला.

"अरे, मला तुझी हनुवटी दिसत नाहीये."

लेकानं बॅटरी मारून डोळा न्याहाळला, काच उजेडाला धरून बघावी तसा. "ओरखडा नाही, धुकं नाही. आई, काच आरपार आहे! जन्म गेला माझा काचांत."

"अहो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की..." सून पुढे झाली.

"तू कधी काच कापलीस? मग गप बस. आईला लाड हवेत, दुसरं काय!"

कारागीर खिदळले. चार लोकांत गयावया करणं बाईंच्या रक्तात नव्हतं.

दोन दिवसांनी सुनेनं कुणाला न विचारता त्यांना दवाखान्यात नेलं.

"बुबुळ छान धरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मागचा पडदा पार सुटलाय. त्याच दिवशी आला असतात तर..."

पुन्हा ऑपरेशन झालं. उजेड आणि अंधार, एवढंच काय ते हाती लागलं.

लेकानं येऊन पाय धरले. "आई, पुढची काच स्वच्छ, म्हणून मला वाटलं..."

बाईंनी त्याचा चेहरा चाचपला. ओली झालेली बोटं त्याच्याच सदऱ्याला पुसली.

"रडून झालं की ऐक. कोण कुठला परका, मरताना मला डोळा देऊन गेला. तुझ्यानं जिवंतपणी एक दुपार देववली नाही. आजपासून दुकान सून बघेल. तू तिच्या हाताखालचा कारागीर. आणि कारागीर मला आई म्हणत नाहीत."