जाळीआडचा पडदा

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. महाडहून पोलादपूरला जाताना हमरस्त्यापासून थोडे आत एक घर लागते. त्याच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली मी उभी असते. मला बोलता येत नाही. सांगण्यासाठी माझ्याकडे एक काटाच आहे, स्टिअरिंगमागच्या छोट्या काचेतला. पाणी तापले की तो सरकत सरकत लाल खुणेवर जातो. का तापले, ते मात्र त्याला सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात एवढ्यावरून मी भंगारात जाणार होते.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. त्या काळी लोक नाव नोंदवून आमची वाट बघत. पहिली काही वर्षे मी महाडच्या एका डॉक्टरांकडे होते. मग औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात फोरमन असलेल्या सयाजीरावांनी मला घरी आणले. त्यांच्या भावकीतली पहिली मोटार मीच. त्यांच्या पत्नीने, ठकूबाईंनी, माझ्यावर हळदकुंकू वाहिले, चाकांखाली लिंबे ठेवली. पुढे गावातल्या कितीतरी नवऱ्या माझ्यातून सासरी गेल्या. अडलेल्या बाळंतिणींना मी दवाखान्यात पोहोचवले. सयाजीरावांची मुलगी अपेक्षा माझ्यावरच गाडी शिकली. गिअर टाकताना मी कण्हले की सयाजीराव एवढेच म्हणत, "हळू. तिला सांगून मग गिअर टाक."

सयाजीराव कमी बोलत. माझी कामे ते सकाळी एकटेच उरकत. त्यातले एक काम तर घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार? डबक्यातले पाणी माझ्या पुढच्या जाळीतून आत उडते, पंखा ते इंजिनावर फेकतो, ठिणगीच्या वायरी ओल्या होऊन करंट तुटतो आणि मी भर रस्त्यात बंद पडते. म्हणून ज्येष्ठ लागला की सयाजीराव जुन्या सीटचे काळे रेक्झीन घेऊन माझ्यापुढे मांडी घालून बसत. जाळीच्या आत, रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागापुढे, ते रेक्झीन नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधत. पावसात हवा गार असते, त्यामुळे अर्धा वारा मला पुरतो. नवरात्र बसले की ते पुन्हा तसेच बसत आणि पडदा सोडून घेत.

गेल्या वर्षी पडदा त्यांनी बांधला, पण सोडायला ते राहिले नाहीत. गणपती गेले त्याच आठवड्यात, सकाळी चूळ भरताना ते ओट्यावर टेकले. ते पुन्हा उठले नाहीत.

त्यानंतर शेडखाली कोणी येईना. भाताच्या रिकाम्या गोण्या माझ्या टपावर येऊन पडल्या. कोंबड्या माझ्या चाकाशी माती उकरत. मित्रांनो, गाडीला एकटे वाटते का, असे तुम्ही विचाराल. रोज दार उघडणारा हात येईनासा झाला की लोखंडालाही ते कळते.

अपेक्षा पुण्याला कॉलेजात शिकवते. वडिलांच्या दिवसांसाठी आली ती सुट्टी वाढवून राहिली. दुपारी ती पुस्तक घेऊन माझ्यात येऊन बसे. तासभर बसे, पण पान उलटलेले मला कधी ऐकू आले नाही. रडतही नसे. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पत्र्याकडे बघत राही.

तिचा भाऊ ऋत्विक मुंबईला असतो. एकदा फोनवर तो म्हणाला, "अप्पू, ती गाडी ठेवून काय करणार? आईला चालवता येत नाही. तू पुण्याला जाशील. ती गंजत पडेल, आणि ते आपल्यालाच बघवणार नाही."

"मी येऊन चालवीन."

"मग एक कर. आत्याकडे नेऊन दाखव. घाट चढली तर ठेव, माझं काही म्हणणं नाही. नाहीतर भंगारवाल्याला रविवारी बोलावतो."

सयाजीरावांची बहीण राहीबाई पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटातल्या एका वाडीत राहते. दर भाऊबीजेला सयाजीराव मला घेऊन तिच्याकडे जात. त्या वर्षी कोणीच गेले नव्हते. गुडघे धरल्यामुळे तिलाही खाली उतरवत नव्हते.

सोमवारी अपेक्षाने गोण्या उतरवल्या, मला धुतले आणि ठकूबाईंना शेजारी बसवले. पोलादपूरपर्यंत काटा जेमतेम मधे राहिला. चढ लागला, ऊन वर आले आणि तो सरळ लालवर गेला. माझ्या बॉनेटमधून वाफ निघाली.

"अगो, थांबव," ठकूबाई म्हणाल्या. "पेटल बिटल."

अपेक्षाने मला एका वळणावर कडेला घेतले. निवेपर्यंत दोघी एका आंब्याखाली बसल्या. मी सांगत होते, माझ्या पुढे वाका, जाळीत बघा. पण माझे सांगणे म्हणजे तीच वाफ.

महाडला हमरस्त्याला मुख्तारभाईंचे गॅरेज आहे. माझ्या जातीच्या गाड्या हाताळणारे आता तेवढेच उरले आहेत. त्यांनी रेडिएटरचे पाणी सोडले, आतून धुऊन काढले, झाकण बदलले, पंख्याचा पट्टा ताणला. पाण्याची वाट उघडझाप करणारी थर्मोस्टॅट नावाची झडपही नवी घातली.

"आता नाय तापायची," ते म्हणाले. "तापली तर माझ्या डोक्यावर चहा ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर मी तापले. गॅरेजमध्ये परतल्यावर ठकूबाई म्हणाल्या, "मुख्तार, चहा कुठं ठेवायचा?"

ते हसले, पण त्यांचा चेहरा उतरला. "काकी, आता एकच राहिलं. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवून बघायला लागंल. आतलं गॅस्केट गेलं असंल. पण खरं सांगतो, हेड उघडलं आणि तडा निघाला, तर तो पार्ट आता मिळायचा नाय. मग ही परत उभी राहायची नाय."

अपेक्षाने ऋत्विकला कळवले.  तो म्हणाला, "राहू दे गं. त्या बिचारीला आता उघडू नका. रविवारी जाऊ दे."

अपेक्षा "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने माझ्या दारावर हात ठेवला. तो गार होता.

तरी शनिवारी ती मला घेऊन पुन्हा गॅरेजवर गेली. मुख्तारभाईंना म्हणाली, "हेड उघडू नका. पण न उघडता जे जे बघता येईल ते माझ्यासमोर बघा. मला कळलं पाहिजे ती कशाने जातेय."

तिच्या आवाजात असे काही होते की हातातली गाडी सोडून मुख्तारभाई आले. त्यांनी ऑइलची पट्टी ओढून बघितली. "ऑइलमध्ये पाणी नाय. गॅस्केट फाटलं असतं तर हे ताकासारखं झालं असतं." मग मला चालू ठेवले. काटा वर चढल्यावर त्यांनी फडके धरून आधी वरचा पाइप चाचपला, नंतर खालचा, आणि ते थबकले.

"ताई, हात लावा. जपून. वरून गरम पाणी रेडिएटरात जातं, थंड होऊन खालनं परत येतं. खालचा पाइप कसा लागतो?"

"वरच्याएवढाच गरम आहे."

"म्हणजे पाणी फिरतंय. थंड होत नाय."

"का?"

"वारा लागत नसंल." मुख्तारभाईंनी बाकावरचा पेपर उचलला, त्याचे एक पान मोडले आणि माझ्या जाळीवर धरले. पंखा आतून वारा ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटून राहायला हवा. वर तो चिकटला. खाली सरकवला, तसा लोंबून खाली पडला.

त्यांनी पुन्हा धरला. तो पुन्हा पडला.

मग ते माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि जाळीच्या फटीत बोटे घातली. आत काळ्यावर काळे होते, वर पावसाळ्याच्या चिखलाची पुटे. "अरे देवा," ते हळूच म्हणाले. "ताई, इथं काय तरी बांधलंय. एवढ्या गाड्या बघितल्या मी, आणि हिला पुढून बघितलंच नाय."

जाळी काढल्यावर अपेक्षा जमिनीवर बसली. रेक्झीन तिने ओळखले. लहानपणी याच सीटवर ती झोपून जायची. चार कोपऱ्यांना चार गाठी होत्या, सगळ्या सारख्या, टोके आत खोचलेली.

मुख्तारभाईंनी पाते पुढे केले. "कापू?"

"नको."

दोरी भिजून, वाळून आवळली होती. अपेक्षाने नखांनी एकेक गाठ ढिली केली. तिसऱ्या गाठीला तिचे नख मोडले, तरी ती थांबली नाही. शेवटच्या गाठीपाशी मात्र तिचा हात थांबला. मला कळले. ती सुटली की सयाजीरावांच्या हातचे माझ्या अंगावर काही उरणार नव्हते. इतके दिवस हा पडदा सुटावा म्हणून मी जीव टाकत होते, आणि त्या क्षणी मलाही वाटले, राहू दे.

मुख्तारभाई पाठ करून पाने-पक्कड आवरू लागले. अपेक्षाने शेवटची गाठ सोडली.

रविवारी भंगारवाला आला नाही. अपेक्षाकडून पडद्याचे ऐकून ऋत्विकनेच त्याला नको म्हणून कळवले. आम्ही घाट चढलो. ते वळण आले आणि गेले. काटा मधेच राहिला. अपेक्षाने मान वळवून ठकूबाईंकडे पाहिले. 

वाडीत शिरताना हॉर्न वाजला, तशी राहीबाई भिंतीला धरून दारात आली. डोळ्यांवर हात धरून तिने माझ्या चालकाच्या जागेकडे पाहिले. पाहतच राहिली.

"तू हायस होय गो," ती शेवटी म्हणाली. "आवाज तोच आला, म्हणून म्हटलं..."  मग म्हणाली, "चला आत. भाकऱ्या गरम हायत."

परतताना काटा मधेच होता. पूर्वी सयाजीराव चालवत आणि अपेक्षा मागे बसे; आता माझी मागची सीट मात्र सगळा घाटभर रिकामी होती.

परवा ज्येष्ठ लागला. अपेक्षा पुण्याहून आली आणि धुतलेले रेक्झीन घेऊन माझ्यापुढे मांडी घालून बसली. तिला त्या गाठी जमत नाहीत. तिच्या वेगळ्या आहेत, थोड्या वेड्यावाकड्या. पहिली गाठ मारण्याआधी तिने आईला हाक मारली.

"मला काय कळतंय त्यातलं?" ठकूबाई म्हणाल्या.

"कळलं नाही तरी बघून ठेव."

ठकूबाई पदर खोचून शेजारी बसल्या आणि त्यांनी दोरीचे टोक धरून ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी रोज काहीतरी न बोलता करत असेल. कशाला तेल घालत असेल, काही झाकत असेल, बांधत असेल. ते माणूस आहे तोवर एकदा जवळ जाऊन बसा आणि हे का करता, म्हणून विचारा. ते गेल्यावर त्याची माया आपण जपतोच. पण ती आपल्याला कुठे आवळते, हे आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना सांगता येत नाही. म्हणून बांधायचे कसे ते शिकून घ्या, आणि सोडायचे कधी, तेही.