पस्तीस लिहिलेली पाटी

मित्रांनो, मी मूळची मार्कापूरच्या खाणीतला दगड. तिथं मला चिरलं, घासलं, लाकडी चौकटीत बसवलं आणि कोठी बाजारातल्या दुकानातून मी गौलीगुड्यातल्या एका मराठी शाळेत आले. आज मी जुनी पाटी आहे. एक कोपरा उडालेला, चौकट हललेली. माझ्यावर कितीतरी मुलांनी पहिला 'ग' गिरवला. पुढं वह्या आल्या, मग भिंतीवर चकचकीत पडदा आला, आणि आमची रवानगी कपाटात, फुटक्या तबल्याशेजारी झाली. माणसांचा व्यवहार असाच चोख असतो. काम सरलं की कौतुकही खात्यातून वजा.

मग पुण्याहून आलेल्या अनुराधाबाई तिसरीला शिकवू लागल्या. त्यांनी आम्हा पाट्यांना बाहेर काढून धुतलं. गणिताचा तास संपताना त्या फळ्यावर एकच उदाहरण घालायच्या. सगळ्यांनी ते सोडवायचं आणि "दाखवा!" म्हटलं की एकदम पाट्या वर. गुण मात्र कुणालाच नाहीत. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग विकासच्या पाटीत डोकावला. विकास हुशार, आणि लबाडही. त्यानं आधी चुकीचं उत्तर लिहिलं, शेजाऱ्यांनी उतरवून घेतलं, मग हळूच पुसून बरोबर लिहिलं! दुसऱ्या दिवसापासून पाटी छातीशी धरायचा नियम झाला.

मी रेणूच्या वाट्याला आले. ती मनापासून लिहायची, पण "दाखवा" ऐकलं की तळहातानं पुसून टाकायची. वर जायची ती कोरी पाटी.

तिच्या भीतीला कारण होतं. मुख्याध्यापक एकनाथराव सरांनी ठरवलं होतं, की तिसरीतली जी मुलं वजाबाकीत कच्ची, त्यांनी पुढच्या सोमवारपासून गणिताला दुसरीत जाऊन बसायचं. त्या यादीत रेणू होती. आणि दुसरीत तिची धाकटी बहीण गौरी होती.

रेणूची आई पद्मावती शाळेत आली. "बाई, हिला छोटीच्या बाजूला नक्को बसवू हो. छोटी बस्तीभर सांगत फिरेल, ही शाळेचं नावच सोडेल. घरी मी रोज गणितं करून घेते. तरी ही तेच चुकते बघा!"

"तेच?" बाई थबकल्या. "रोज एकच चूक?"

"हौ ना! हौली कुठली, वेडी!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर उदाहरण पडलं, बावन्न वजा सत्तावीस. रेणूनं माझ्यावर पस्तीस लिहिलं. "दाखवा" ऐकताच तिचा हात पुसायला आला, तोच बाईंनी तो अलगद धरला.

"राहू दे गं. मला बघायचंय. कसं केलंस?"

रेणू खाली मान घालून म्हणाली, "दोनातून सात जात नाही. म्हणून सातातून दोन काढले. तुम्हीच बोलला होता ना बाई, नेहमी मोठ्यातून छोटा काढायचा?"

बाईंनी मान वर केली. मागच्या रांगांतल्या पाट्यांवरही पस्तीसच होते, चांगले ठसठशीत. बाई खुर्चीवर बसल्या. मुलांनी त्यांचं म्हणणं मन लावून ऐकलं होतं, आणि नेमकं तेच त्यांना नडलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दहा-दहा काड्यांच्या जुड्या आणल्या. रेणूसमोर पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "यातल्या सत्तावीस मला दे." रेणूनं सुट्या काड्यांकडे पाहिलं, ओठ चावला, आणि कुणी न सांगता एका जुडीचा दोरा सोडला. "अब्बा! आता जातात की सात!" ती नवलानं म्हणाली. वर्ग हसला. हसली नाही ती रेणू. ती काड्या मोजत होती.

सोमवारी एकनाथराव सर मुलांना न्यायला दारात उभे राहिले. बाई म्हणाल्या, "सर, आजच्या पाट्या बघून जा."

त्या दिवशी बाईंनी एकाऐवजी तीन उदाहरणं घातली. पहिली दोन रेणूची बरोबर आली. तिसरं होतं चाळीस वजा सोळा. तिनं तीस लिहिलं, आणि ते चुकलंय हे तिलाच जाणवलं. तळहात माझ्यावर टेकला. दारात सर, पलीकडे दुसरीचा वर्ग, तिथं गौरी. मला तिच्या हाताचा घाम लागत होता.

"दाखवा!"

तिनं हात उचलला आणि मला तशीच वर धरलं.

"हे चुकलंय," सर जवळ येऊन म्हणाले.

"हौ सर. वरती शून्य आलं की मी अडकते. बाकीचं येतं मला."

सरांनी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं मुलांना कच्चं-पक्कं ठरवणाऱ्या त्या माणसाला, स्वतः कुठं कच्चं आहे हे कुण्या मुलानंच इतकं नेमकं सांगितलं नसावं. ते बाईंना म्हणाले, "दुसरीत हे शिकवत नाहीत. उद्या शून्य घ्या." आणि ते एकटेच परत गेले.

मित्रांनो, मी दगड. मला फार बोलता येत नाही. पण माझी एक विनंती ऐका. चुकलेलं उत्तर लाजून पुसू नका, आधी तुमच्या बाईंना, सरांना दाखवा. आणि बाईंनो, सरांनो, ते बघताना कपाळावर आठी आणू नका. लेकरू तुमच्या तोंडाकडेच बघत असतं.