इन्व्हर्टरचा विसावा

धावड्याच्या उषाबाईला आयुष्याकडून फार काही नको होतं, पण जे हवं होतं ते अगदी हट्टानं हवं होतं. तिला कोंबड्या पाळायच्या होत्या. माहेरी तिच्या आईनं कोंबड्यांच्या जिवावर चार पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय लावलेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती. आणि नशीब असं, की दिली नेमकी माळकऱ्याच्या घरात. सासरे कारभारीबाबा यांनी गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून त्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं. शेजारच्या गिरिजाबाईची कोंबडी चुकून अंगणात शिरली, तर बाबा बाजेवर पाय वर घेऊन बसायचे आणि कोंबडी जाईपर्यंत पाय खाली सोडायचे नाहीत.

उषाबाईनं हार मानली नाही. कधी स्वतः, कधी नवऱ्याच्या तोंडून तिनं विषय लावून धरला. शेवटी बाबा वैतागले आणि एकदाचे हो म्हणाले.

"पाळ माय, पाळ. पर मी हात लावणार न्हाई. आन एक सांगून ठेवतो. पिल्लं मेली तर ते पाप माझ्या दारात. पहिल्याच खेपेला मेली, तर मंग या घरात कोंबड्याचं नाव काढायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

आता बाजारातून आणायची ती पिल्लं मशीनमध्ये उबवलेली, त्यांना आई नसते. सुरुवातीचे काही दिवस बल्बची ऊब लागते, तीही दिवसरात्र. आणि लोडशेडिंगच्या त्या वर्षांत धावड्यात लाइट यायची रात्री जेवणाच्या सुमाराला आणि जायची उजाडायच्या आत. पण उषाबाईचा नवरा मच्छिंद्र जालन्याला एमआयडीसीत बियाणांच्या कारखान्यात कामाला होता आणि बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. त्यानं टेम्पोत घालून इन्व्हर्टर आणला, सोबत दोघांना उचलावी लागेल अशी जड बॅटरी. गल्लीतला पहिलाच इन्व्हर्टर. बाबांनी स्वतः त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि ते बाज टाकून झोपायचे त्याच बाहेरच्या खोलीत एका पाटावर त्याची स्थापना केली. लाइट असली की बॅटरी भरते, गेली की भरलेलं देते, एवढं बायकोला समजावून मच्छिंद्र कामावर परत गेला. बाबांना समजावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पिल्लं यायला अजून अवकाश होता. तोवर संध्याकाळी एक ट्यूब आणि बाबांच्या बातम्यांपुरता टीव्ही एवढंच काम इन्व्हर्टरला होतं. साऱ्या गल्लीत अंधार आणि आपल्याच घरात उजेड, हे सुख उषाबाईनं पुरेपूर उपभोगलं. बायका गहू निवडायला तिच्याकडं येऊन बसायच्या. बाबाही आल्यागेल्याला सांगायचे, "मशीन लई गुणाचं हाय. एक शबुद बोलत न्हाई."

पौषातल्या एका दुपारी भोकरदनहून पिल्लं आली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून चिवचिवाट ऐकू येत होता. उषाबाईनं कोठीच्या खोलीत पत्र्याचं गोल कडं उभं केलं होतं, आत भुसा पसरला होता, वर दोन बल्ब टांगले होते. तिनं पिल्लं सोडली, बटन दाबलं आणि ती सगळी बल्बखाली जमून गप्प झाली. ते बघताना तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसत उभी राहिली. बाबा मात्र कोठीकडं पाठ करून बसले होते.

दिवस मावळला तशी थंडी वाढली. गिरिजाबाई पिल्लं बघायला आल्या आणि त्यांनी कौतुकाला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून इन्व्हर्टरनं कर्कश शिट्टी मारली. बल्ब तांबडे झाले आणि विझले. उषाबाईनं धावत जाऊन बटन दाबलं, पुन्हा दाबलं, वायर हलवून पाहिली. काही नाही. कोठीत पिल्लांनी कालवा सुरू केला.

"आसं कसं झालं? मामा, हे रातच्याला चालू व्हतं ना?" उषाबाईनं सासऱ्याला विचारलं.

"रातच्याला कशाला?" बाबा शांतपणे म्हणाले. "रातच्याला मी सोडतो त्याला."

"सोडता म्हंजी?"

"बटन बंद करतो सगळे, सकाळी उठून परत लावतो. अगं, लाइट आली की धापा टाकायला लागतंय बिचारं. मी हात लावून पाह्यला तर आंग तापलेलं. सांजच्याला काम केलेलं जनावर रातभर जुपून ठेवतेत का कुनी? इसावा नको का त्याला?"

गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. उषाबाईला हसावं की रडावं कळेना. सासरा चुकला होता, पण मायेनं चुकला होता. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

"मामा, ते धापा नव्हतं टाकत," ती म्हणाली. "ते खात व्हतं. रातच्यालाच त्याची वैरण येती. लाइट आली की खायला बसायचं, आन तुमी रोज त्याला उपाशी उठवलं. व्हतं नव्हतं तेवढं आज सरलं."

बाबांचा चेहरा पडला. बैलांच्या पुढ्यात वैरण टाकल्याशिवाय या माणसानं कधी भाकरी मोडली नव्हती. त्यांनी इन्व्हर्टरकडं पाहिलं, मग कोठीकडं पाहिलं.

उषाबाईला उभं राहायला वेळ नव्हता. तिनं चुलीतले निखारे घमेल्यात काढून कड्याजवळ ठेवले. धूर कोंडला तसा तिनं दरवाजा उघडला, दरवाजा उघडला तशी थंडी आत आली. पिल्लं कड्याच्या एका बाजूला एकमेकांच्या अंगावर चढायला लागली. वरची खालच्यांना दाबत होती. ती हातानं बाजूला करायची, की पुन्हा ढीग. लाइट यायला अजून वेळ होता. तळातलं एक पिल्लू तिनं उचललं तर त्याची मान लुळी पडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांची मनधरणी एका संध्याकाळीच संपणार होती.

गिरिजाबाई हळहळल्या. "कोंबडी आसती तर पंखाखाली घेतली आसती गं. मशिनीची लेकरं, त्यांना कोन हाय?"

बाबा बाजेवरून उठले. खांद्यावरची घोंगडी सावरत कोठीत आले, भिंतीला पाठ लावून भुशात मांडी घातली आणि समोर बघत म्हणाले, "आन इकडं."

"मामा, तुमी? माळ हाय ना गळ्यात."

"माळ माझी मी बघतो. उद्या आंघोळ करून देवाशी काय बोलायचं ते बोलतो. जल्दी कर!"

उषाबाईनं ते लुळं पिल्लू त्यांच्या ओंजळीत ठेवलं. बाबांनी अंग चोरलं, डोळे मिटले, मग एक डोळा उघडून पाहिलं आणि पिल्लू बंडीच्या आत छातीशी धरलं. ढिगातली गारठलेली सगळी तिनं त्यांच्या मांडीत सोडली, वरून घोंगडी ओढली. उरलेल्यांना निखाऱ्यांची धग पुरायला लागली. घोंगडीतून कधी बाबांच्या काखेजवळून चोच बाहेर यायची, कधी पोटाजवळून. बाबा आतल्या आत हाताची आडवी भिंत करून दाटीवाटी मोडत होते. "सरक की रे. त्याला बी जागा दे. हे एक लई गुंड हाय, उषे!"

"बाबा, अंड्यावर बी बसता का आता?" गिरिजाबाई म्हणाल्या. दुसरा दिवस असता तर बाबांनी त्यांच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. आज ते म्हणाले, "गप बस. दचकतेत ते." गिरिजाबाई हसू दाबत गल्लीत ही बातमी द्यायला गेल्या.

हळूहळू घोंगडीतली चिवचिव कमी झाली. उषाबाईला भीती वाटली. तिनं वाकून विचारलं, "मामा, हायेत ना?"

बाबांनी बंडीत बघितलं. मघाचं ते लुळं पिल्लू मान वर काढून त्यांच्या माळेचा मणी टोचत होतं. "हायेत," ते म्हणाले. आणि त्यांनी माळ त्याच्या चोचीपुढं तशीच राहू दिली.

जेवणाच्या वेळेला लाइट आली. गल्लीत पोरांनी ओरडा केला, कोठीतले दोन्ही बल्ब लख्ख पेटले आणि बाहेरच्या खोलीत इन्व्हर्टर घरघरायला लागला. उषाबाईनं टोपलं पुढं केलं.

"आली लाइट, मामा. द्या इकडं, बल्बखाली सोडते. तुमी भाकरी खाऊन घ्या."

बाबांनी घोंगडी उलट आणखी घट्ट ओढली.

"भाकरी झाकून ठेव. लाइट काय, येती आन जाती," ते कुजबुजले. "ही आत्ता कुठं निजून राह्यली."