पाचावर अडकलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे आणि माझ्या हातून एक पाप घडलं आहे. ते तुमच्यापुढे कबूल केल्याशिवाय जीव हलका व्हायचा नाही.

एका कारागिराने फुंकर घालून माझी काचेची नळी घडवली. देवाने मला जीभ दिली नाही, एक लाल रेघ दिली. तिने खरं सांगायचं, एवढाच माझा धर्म.

ध्रुवाजवळच्या संशोधन केंद्राला वर्षातून एकदा रसद पोचवणाऱ्या जहाजावर मी लागलो. बाहेर बर्फाचं राज्य; पण बटाटे, अंडी, औषधं गोठता कामा नयेत. त्यासाठी एक उबदार कोठी, तिच्यात हीटर आणि राखणीला मी. दर आठवड्याला कोठी सांभाळणारा भांडारी मला वितळत्या बर्फाच्या मगात बुडवून बघायचा. बारा सफरींत मी शून्याला कधी चुकलो नाही; मग त्याने ते बुडवणंच सोडून दिलं.

तेराव्या सफरीत भांडाऱ्याची पुतणी बरोबर होती. ती बिनतारी संदेशांचं काम करायची. नऊ वर्षं अर्ज केल्यावर तिला वर्षभर केंद्रात राहायला मिळणार होतं. तिला मधुमेह होता. वाटेपुरतं इन्सुलिन तिच्या पिशवीत होतं. वर्षभराच्या बाटल्या माझ्या कोठीत. त्या गोठल्या की निकामी.

वादळात एक पोतं माझ्यावर आदळलं. काच शाबूत राहिली, पण लाल रेघ मधेच तुटली आणि वरचा तुकडा पाचावर अडकला. त्याच दणक्यात हीटरही मंदावला.

दुसऱ्या दिवशी आचारी बटाटे न्यायला आला. "भांडारीबुवा, दात वाजताहेत की हो माझे इथे!"

"तुम्हाला चुलीपुढेही हुडहुडी भरते. हे बघा, पाच आहे."

"निदान बर्फात बुडवून तरी बघा त्याला."

"बारा सफरी खोटं बोलला नाही, तो आता म्हातारपणी बोलेल?"

आचारी हात चोळत गेला. आणि मित्रांनो, रेघ तुटलीय हे ठाऊक असूनही मला गुदगुल्या झाल्या. कौतुक फार गोड लागतं.

केंद्रावर पोचताच तिथल्या डॉक्टरांनी कोठीत येऊन इन्सुलिनचं खोकं उघडून आपलं यंत्र आत ठेवलं. उणे तीन! बाटल्या वरून धडधाकट दिसत होत्या, अगदी माझ्यासारख्या.

"यातली एकही चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढचं जहाज वर्षाने. परतीपुरतं माझ्याकडचं देतो, हिला परत न्या."

भांडारी मटकन खाली बसला.

"काका, उठा बरं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" पुतणी म्हणाली.

"अगं, माझे गाल सांगत होते गार आहे म्हणून. मीच ऐकलं नाही. त्या काचेला काय बोल लावू?"

त्याने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर तिनेच मला खिळ्यावरून काढलं. मीठ घातलेल्या बर्फात धरून धरून माझी रेघ खाली ओढली, जुळवली. "आता नीट बोल हं," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, पण तिची परीक्षा घेणं सोडू नका. तपासणं हीसुद्धा मायाच असते. कौतुकात ती विसरू नका. हल्ली दर आठवड्याला मी बर्फात बुडतो आणि अचूक शून्य दाखवतो. तिचं ते वर्ष मात्र मला परत देता येत नाही.