उजव्या डोळ्याचं ऑपरेशन

डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यावरची पट्टी सोडली, उजवा डोळा तळहाताने झाकला आणि तोंडापुढे बोटं धरली. पंचफुलाने बराच वेळ पाहिलं.

"किती बोटं?"

"अंधारच हाय जी."

पलंगाशी उभा असलेला तिचा नवरा प्रभाकर खिडकीकडे वळला.

नाचणगावला त्यांची भाजीची वाडी होती. पावसाळ्यात वांगी तोडताना तिचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काळोखी येऊ लागली. वर्ध्याच्या दवाखान्यात कळलं, मेंदूभोवतालच्या पाण्याचा दाब वाढून डोळ्यांमागच्या नसा सुकत चालल्या आहेत. असा आजार क्वचितच कोणाला होतो. औषधांनी भागलं नाही, तेव्हा डाव्या नसेवरच्या आवरणाला बारीक छेद देऊन दाब कमी केला. उशीर झाला होता.

"उजव्याचं तुम्ही ठरवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही केलं, तर महिना-दोन महिन्यांत नजर जाईल. केलं तर कदाचित थोडी टिकेल, कदाचित लगेचच जाईल. मी खोटी आशा दाखवणार नाही."

"राहू द्या मंग," पंचफुला म्हणाली. "तूर फुलावर येऊन राह्यली. तेवढी तं पाह्यता येईन."

"तुरीचं काय घेऊन बसली?" प्रभाकरचा आवाज चढला. "करून घेऊ. हातचा डोळा काऊन सोडाचा?"

दिवसभर तो बाहेर पायऱ्यांवर बसून होता. संध्याकाळी तिने त्याचा डबा उघडून उजव्या डोळ्याजवळ धरला. पोळी-भाजी सकाळची तशीच होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा तिने आपणहून सांगितलं, "करा जी."

ऑपरेशननंतर उजवी पट्टी सुटली. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावला, विझवला, पुन्हा लावला. पंचफुला समोर बघत राहिली.

"लावला का जी?" तिने विचारलं.

त्या गेल्यावर प्रभाकर स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.

"मीच तुले भरीस घातलं," तो म्हणाला. "दोन महिने तं दिसलं असतं."

"काई होनार नाई, हे मले मालूम होतं."

"मंग हो काऊन म्हनली?"

तिने चादरीची सुरकुती हाताने सपाट केली.

"नाई केलं असतं, तं तुमी जन्मभर म्हनत राह्यले असते, का ऑपरेशन केलं असतं तं हिले दिसलं असतं. तुमचं मले मालूम नाई का?"

प्रभाकरने मान हलवली. मग थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, तिला ते दिसलं नसणार.

"हाव," तो म्हणाला.