प्यादेमातीला दहापैकी दहा

धाराशिव जिल्ह्यात बुद्धिबळाचं आंतरराष्ट्रीय रेटिंग असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळ्यांचं रेटिंग मी ठरवतो. मला कुणी नेमलेलं नाही, त्यामुळं मला कुणी काढूही शकत नाही. धाराशिवात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि एका साप्ताहिकात दर गुरुवारी माझं सदर येतं, 'पटावरचे गुण'. जिल्ह्याच्या सांघिक स्पर्धेत प्रत्येक गावाचे चार खेळाडू चार पटांवर बसतात. फेरी संपली की मी एकेकाला दहापैकी गुण देतो आणि खाली एका ओळीचा शेरा मारतो. ईट गावच्या एका मास्तरांबद्दल मी 'घोडे चांगले, स्वार झोपलेला' असं लिहिलं, तेव्हापासून ते धाराशिवला आले तरी झेरॉक्स समोरच्या दुकानात काढतात.

दहा मात्र मी कधी कुणाला दिले नव्हते. दहा दिले की माणूस शिकायचा थांबतो, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण असं, की दहा दिले की लोक माझ्या मागं लागायचे थांबतील.

सर्वांत जास्त मागं लागायचे ते तेरचे हनीफचाचा. शिलाईचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून त्यांना बुद्धिबळाशिवाय दुसरा धंदा नाही. ते तिसऱ्या पटावर खेळतात आणि बहुतेक जिंकतात, पण बुद्धिबळ शिकले ते कापडी पटावरचं, जुनं देशी. त्या खेळात नुसतं जिंकून भागत नसे. मात कशानं केली ते लोक आधी विचारत. एकदा दुकानात येऊन त्यांनी मला चांगलंच ऐकवलं.

"गौरीशंकरराव, तुमी मला सात दिले. बरोबर दिले. वजिरानं मात कुणीबी करतंय. वजीर हाय म्हणल्यावर त्यानं मारायचंच की. ज्यानं प्याद्यानं राजा मारला त्यो उस्ताद. आन् ज्याला प्यादेमात बसली, त्यानं महिनाभर पटाला हात लावू ने, असा कायदा हुता आमच्याकडं."

मला हे फार आवडलं. अंतिम सामन्याच्या आधीच्या अंकात सदराची जागा थोडी रिकामी राहत होती, तिथं मी एक ओळ टाकून दिली: 'अंतिम सामन्यात जो प्यादेमात करील, त्याला दहापैकी दहा.' लिहिताना मला गुदगुल्या झाल्या, हे कबूल करायला माझी ना नाही.

सामना येडशीच्या मंगल कार्यालयात होता, तेर विरुद्ध ईट. ईट गेल्या वर्षीचं विजेतं, त्यामुळं बरोबरी झाली तरी चषक त्यांच्याकडंच राहणार होता. तेरला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्यांना चषकापेक्षा एका खोलीची जास्त गरज होती. तेरचं बुद्धिबळ मंडळ वर्षानुवर्षं दूध संकलन केंद्राच्या ओसरीत बसतं. दूध आलं की पट उचलायचे, कॅन गेले की पुन्हा मांडायचे, आणि हत्ती नक्की कुठल्या घरात होता यावरून भांडायचं. त्याच केंद्रात संगणकावर बसणारी शिवकन्या ही संघाची कर्णधार. तिनं सरपंचांचं डोकं खाऊन खाऊन एवढं कबूल करून घेतलं होतं, की चषक आणा, ग्रामपंचायतीमागची रिकामी खोली तुमची.

सामन्याच्या सकाळी मंगल कार्यालयाच्या दारातच तिनं मला गाठलं. हातात साप्ताहिक होतं.

"काका, हरलो तर ती खोली खताच्या गोदामाला जाणार हाय. आन् तुमी ह्ये काय लिहून ठेवलंय?"

"गंमत आहे गं."

"तुमची गंमत हुती, आमची पोरं डोसक्यात घेऊन बसल्यात."

पोरंच काय, शिवकन्या सोडली तर सातच्या सात जण डोक्यात घेऊन बसले होते. रामलिंगाच्या देवळाकडची माकडं आत येतात म्हणून कार्यालयाच्या खिडक्या बंद केलेल्या, वर एकच पंखा, आणि खाली चार पटांवर सात शहाणी माणसं वजीर बाजूला ठेवून प्यादी ढकलत होती. तेरचा युवराज पहिल्या पटावर सरळ जिंकत होता. प्याद्यानं मारायचं म्हणून त्यानं हत्ती वाया घालवला आणि हरला. दुसऱ्या पटावर ईटच्या त्याच झोपलेल्या मास्तरांनी एक प्यादं इतकं जपून पुढं नेलं, की समोरच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही अशी गत झाली. डाव बरोबरीत सुटला. मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते प्यादं ढकललं होतं.

मी मागच्या खुर्चीत बसून मजा बघत होतो. पत्रकाराला आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत.

चौथ्या पटावर शिवकन्यानं वजिरानं मात केली, उठली आणि घोटभर पाणी प्यायली. आता दोन्हीकडं दीड-दीड गुण झाले होते. उरला तो तिसरा पट: हनीफचाचा आणि ईटचे कोंडीरामअण्णा. अण्णांकडं उसाचं मोठं रान, झुपकेदार मिशा आणि बोलण्यात जरब. तेही त्याच कापडी पटावरचे, हनीफचाचांच्या पिढीतले.

हनीफचाचांना वजिरानं एका चालीत मात होती. ती मला दिसली, पंचांना दिसली, चहा घेऊन आलेल्या माणसालाही बहुतेक दिसली असावी. चाचांनी वजिराकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी घोडा फिरवला, मग उंट फिरवला, आणि अण्णांचा राजा पटाच्या कडेला असा कोंडून आणला, की आता घोड्याच्या बाजूचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं की काम फत्ते. घड्याळात चाचांची वेळ संपत आलेली. शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती आणि ओढणीचं टोक चावत होती. तिची ती दशा बघून पहिल्यांदाच माझी मजा कमी झाली.

चाचांचा हात प्याद्याकडं निघाला. अण्णांनी तो हात बघितला, प्यादं बघितलं, आपला राजा बघितला, आणि चाचांचं बोट प्याद्याला लागायच्या आत आपला राजा आडवा केला.

"म्या डाव सोडला," अण्णा म्हणाले.

शिवकन्यानं डोळे मिटले. तेर जिंकलं होतं, खोली मिळाली होती. फक्त हनीफचाचांचा हात तसाच हवेत होता.

"सोडला म्हंजी? माझी चाल हाय. म्या खेळायलोय."

"खेळ संपला, हनीफभाई. हार कबूल. पण प्यादेमात म्या खाल्ली न्हाय."

"तुमची हार म्या घेतलेली न्हाय," चाचा म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

पंचांनी सांगितलं की नियमात असं हार घेणं-न घेणं नसतं, डाव सोडला की संपला. निकालाच्या कागदावर दोघांची सही तेवढी हवी. चाचा म्हणाले, सही करणार नाही. पंच भिडस्त माणूस. ते म्हणाले, मग निकाल राखून जिल्हा समितीकडं पाठवावा लागेल. आमची जिल्हा समिती कधी भरते ते समितीलाही ठाऊक नसतं. तोवर त्या खोलीत खताची पोती लागली असती. शिवकन्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"चाचा, सही करा की. आपण जिंकलोय."

"बेटा, संघ जिंकला. माझे दहा कुठं हायत?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यांना विचार."

सगळं कार्यालय माझ्याकडं वळलं. खरं सांगतो, असा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता, आणि तो मी चवीनं घेतला. घसा साफ केला आणि म्हणालो, "प्यादेमात पटावर झाली पाहिजे. ती झालेली नाही. मी नऊ देतो."

"नऊ," चाचा म्हणाले आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

"आन् दहा दिले तर म्याबी सही करत न्हाय," अण्णांनी मध्येच तोंड घातलं. "प्यादेमात म्हणून पेपरात छापून आलं तर ईटात कुठल्या तोंडानं फिरू?"

शिवकन्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचे मी गुण सांगत नाही. मग ती अण्णांच्या खुर्चीशी जाऊन अगदी मऊ आवाजात बोलायला लागली.

"अण्णा, तुमी डाव सोडला. ह्ये काका पेपरात तेवढंच लिहित्याल, कोंडीरामअण्णांनी वेळीच डाव सोडला. तुमी सही करा आन् भाईर जाऊन च्या घ्या. तुमच्या माघारी पटावर कोण काय करतंय, त्येच्याशी तुमचा काय संबंध?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला, विचार केला, सही ठोकली आणि चहाला गेले. मग शिवकन्यानं आडवा पडलेला राजा त्याच्या घरात उभा केला.

"चाचा, आता खेळा तुमची चाल. काका बघत्यात."

हनीफचाचांनी बाह्या सारल्या. प्यादं दोन बोटांत धरलं, दोन घरं पुढं नेलं आणि अलगद टेकवलं. टाळ्या पडल्या. युवराजनं शिट्टी मारली. चाचांचे डोळे भरून आले होते, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी 'दहा' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. ती मात नव्हतीच.

देशी खेळात प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालतं. आताच्या खेळात ते सुरुवातीला दोन घरं जाऊ शकतं, पण त्याला एक उतारा आहे: शेजारी शत्रूचं प्यादं असलं तर ते जाता जाता त्याला मारू शकतं, जणू ते एकच घर गेलं होतं. दोन घरांची सवय या दोघा म्हाताऱ्यांनी केव्हाच लावून घेतली होती. हा उतारा मात्र त्यांच्या अंगी कधी भिनलाच नव्हता. अण्णांच्या राजासमोर त्यांचं एक काळं प्यादं उभं होतं. त्यानं चाचांचं प्यादं बिनघोर मारलं असतं आणि डाव पुढं चालू राहिला असता. एकानं नसलेली मात केली आणि दुसऱ्यानं त्याच नसलेल्या मातेच्या धाकानं डाव सोडला.

असलं घबाड माझ्या हाती पुन्हा लागणार नव्हतं. शेरासुद्धा मनात तयार झाला. तेवढ्यात मी शिवकन्याकडं बघितलं. ती त्या काळ्या प्याद्याकडंच बघत होती. तिलाही दिसलं होतं. निकालाचा कागद चाचांच्या पुढ्यात होता आणि त्यावर अजून एकच सही होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. त्या पोरीनं रोज दोन वेळा ओसरीतले पट उचललेले मी बघितलेत. माझी जीभ खाजत होती आणि मला त्या जिभेची फार कीव आली.

"दहा," मी म्हणालो.

चाचांनी सही केली. शाई वाळायच्या आत शिवकन्यानं पट आवरायला घेतला, आणि सगळ्यांत आधी उचललं ते राजासमोरचं काळं प्यादं.

तेरला खोली मिळाली. उद्घाटनाआधी चाचांनी हट्ट धरला की समोरच्या भिंतीवर आपली प्यादेमात रंगवायची. पेंटरनं मोहरे कुठं काढायचे ते विचारलं, तेव्हा चाचांनी त्याला माझ्या सदराचं कात्रण दिलं. सदरात मी ठरल्याप्रमाणे 'कोंडीरामअण्णांनी वेळीच डाव सोडला' एवढंच लिहिलं होतं आणि शेजारी शेवटचा पट छापला होता, पण ते काळं प्यादं वगळून. ते रिकामं घर चाचांच्या घोड्याच्या टप्प्यात होतं, म्हणजे प्यादं नसलं तर मात पक्की होती. ते मी दोनदा तपासलं होतं. शेवटी माझंही काही नाव आहे.

उद्घाटनाला शिवकन्यानं मोठ्या मनानं ईटच्या संघालाही बोलावलं. कोंडीरामअण्णा आले, हातात बुंदीचा लाडू घेऊन भिंतीसमोर उभे राहिले आणि ओठातल्या ओठात मोजायला लागले.

"हनीफभाई, माझं एक प्यादं कमी हाय ह्यात."

हनीफचाचा चष्मा काढून पुसायला लागले. मी माझ्या लाडवात लक्ष घातलं.

"राजाच्या म्होरं हुतं माझं प्यादं. हितं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी रिकाम्या घरावर बोट ठेवलं.

शिवकन्या पुढं झाली. "अण्णा, डाव सोडून च्याला गेल्यावर माघारी तुमची प्यादी कोण राखणार?"

सगळे हसले. अण्णाही हसले. पण बोट तिथंच होतं. मग ते बोट हळूच तिरकं एक घर सरकलं, चाचांच्या प्याद्याच्या मागच्या घरात जाऊन थांबलं, आणि अण्णांचं हसू बंद झालं. मधल्या दिवसांत कुणा पोरानं त्यांना तो उतारा शिकवला असावा, किंवा त्या क्षणी त्यांच्या डोक्यात तो स्वतःच उगवला असावा. त्यांनी चाचांकडं बघितलं, शिवकन्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. प्यादं परत मागायचं, तर आपण जिवंत राजा आडवा केला हे ईटपर्यंत पोचणार. गप्प बसायचं, तर भिंतीवरची प्यादेमात जन्मभर आपल्या नावावर. शिवकन्या खोलीची किल्ली मुठीत घट्ट आवळून उभी होती.

अण्णांनी बोट काढून घेतलं आणि सदऱ्याला पुसलं.

"रंग बेस दिलाय," ते म्हणाले आणि लाडू खायला लागले.

त्या सामन्याचे अण्णांना मी सात दिले होते, पुढच्या गुरुवारी त्याचे नऊ करून छापले. कारण विचारायला ते अजून आलेले नाहीत.