कर्नेलला झेंडूचा हार

दसऱ्याच्या दुपारी अफरीन टेस्टिंगच्या खोलीत शिरली, तेव्हा तिची सगळी यंत्रं आंघोळ करून बसली होती. प्रत्येकाच्या पडद्यावर हळदीकुंकू, गळ्यात झेंडूचा हार. एका कीबोर्डवर खोबऱ्याचा तुकडा होता आणि नारळाचं पाणी शांतपणे एफ आणि जी या अक्षरांच्या मधून आत उतरत होतं.

आणि सगळी यंत्रं बंद होती.

"कोणी बंद केली?" अफरीननं विचारलं.

"मी," दिनानाथशेठ हात जोडून म्हणाले. हात तिला नव्हे, देवीच्या फोटोला. "आजच्या दिवशी हत्यार चालवायचं न्हाय, गो पोरी. मेन स्विचच ओढला."

शेठचं घराणं पेणकडच्या मिठागरातलं. मिठागरातून ते ट्रकमध्ये आले, ट्रकमधून तंत्रज्ञानात. वाटेत त्यांनी काही टाकून दिलं नव्हतं. दसऱ्याला ट्रक धुवायचे, चाव्या देवीपुढे ठेवायच्या. तंत्रज्ञानाला चाकं नाहीत एवढाच काय तो फरक, म्हणून लिंबू त्यांनी यंत्राखाली ठेवलं होतं.

यंत्रं म्हणजे होडीत बसवायचे डबे. होडी समुद्रात कुठे आहे ते पडद्यावर दाखवायचं, आणि संकटात लाल बटण दाबलं की तीच जागा किनाऱ्यावर कळवायची, हे त्यांचं काम. गोची अशी, की इंजिन सुरू करताना बॅटरीचा जोर क्षणभर घसरे आणि डबा थिजून बंद पडे. त्यावर अफरीननं स्वतःचं कर्नेल तयार केलं होतं. कर्नेल म्हणजे यंत्रात सगळ्यांत आधी जागा होऊन बाकीच्यांना कामाला लावणारा मुकादम. तयार मिळालेल्या मुकादमात फाफटपसारा फार, म्हणून तिनं नको ते भाग छाटले, हवे ते बसवले आणि तो गेला आठवडाभर या यंत्रांवर न थांबता चालवत ठेवला होता. आज संध्याकाळी चाचणी संपायची होती.

"आठवड्याची मेहनत गेली, शेठ!"

"गेली कुठं? विश्रांती घेतली." शेठनी घड्याळ पाहिलं. "चल, बसवून घेऊ. असा मुहूर्त पुन्हा येणार न्हाय. पहिला डबा तुझ्या वडलांच्या होडीला. नजमुद्दीनभाई धक्क्यावरून निघालेत."

आगरदांड्याच्या धक्क्यावर बांधलेल्या त्या होडीत अफरीनचे अब्बा आणि भाऊ अझहर रोज समुद्रात जात. अर्धवट चाचणीचा डबा मुहूर्तासाठी त्यांच्याच डोक्यावर बसवायचा?

तिनं हार उपटून काढले, मेन स्विच वर केला आणि यंत्रं चालू केली. पडदे उजळले. समुद्र आला, किनारा आला. होडीचा ठिपका मात्र एकाही पडद्यावर आला नाही. 'जागा सापडत नाही,' प्रत्येक यंत्र नम्रपणे सांगत होतं.

"पाणी गेलं आत!" ती ओरडली. "नारळ फोडायला टेबलच सापडलं?"

"सगळ्यांत कसं जाईल? नारळ एकच होता," शेठ म्हणाले.

हे खरं होतं, म्हणून तिला आणखी राग आला.

आता एकच मार्ग होता. नवं कर्नेल फसलं तर असावं म्हणून यंत्रात जुनंही शेजारी ठेवलेलं असतं. चालू करताना यादीतून ते निवडायचं. तिनं यादी उघडली. यादीत जुनं काहीच नव्हतं.

"ते मी काढलं, मॅडम," शेठचा पुतण्या प्रज्योत म्हणाला. तो विक्री सांभाळायचा. "काका बोलले, दसऱ्याची साफसफाई कर. दोन-दोन कर्नेल पडलेले, जुनं उडवलं. स्पेस पण मोकळी झाली ना! चिल करा."

अफरीननं चिल केलं नाही. तिनं प्रज्योतला अशा शब्दांत झाडलं की शेठनी देवीचा फोटो उचलून दुसऱ्या खोलीत नेला.

मग ती बसली आणि यंत्रानं चालू होताना छापलेल्या ओळी वाचू लागली. जुनं नव्हतं, तेव्हा वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

उपग्रहाशी बोलणाऱ्या चिपला वीज सोडणारा छोटा भाग तिनंच छाटला होता. त्याच्याविना सगळं नीट चालत होतं, म्हणून. ते चालत का होतं, ते आता कळलं. दर वेळी ती आधी जुनं चालू करी आणि वीज न तोडता त्यातून थेट नव्यात जाई. जुनं कर्नेल चिपची वीज चालू करून जाई आणि नवं त्या आयत्या उजेडात आपली हुशारी दाखवी. वीज पूर्ण तोडून तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. आताही जुनं सापडतं, तर ते एकदा चालवून ती नव्यावर आली असती, ठिपका दिसला असता आणि डबा होडीत गेला असता.

नजमुद्दीन दारात उभे होते. नवा सदरा घालून आले होते. "झालं का, बेटा? फोटो काढणार म्हणाले शेठ."

"अब्बा, रात्री होडी बांधल्यावर बॅटरीचं काय करता?"

"वायर काढतो. सगळेच काढतात. का गं?"

अफरीननं मुठी आवळल्या. म्हणजे डबा पूर्ण तुटलेल्या विजेतून जागा होणार, रोज सकाळी. प्रत्येक होडीत. आणि लाल बटणाला आपली जागाच ठाऊक नाही. तिला शेठचा राग आला होता, प्रज्योतचा आला होता. आता जो आला, तो काढायला समोर दुसरा माणूसच नव्हता.

"आज काही बसणार नाही," ती म्हणाली. "छाटलेला भाग परत घालते. चाचणी पहिल्यापासून. तोवर तुम्ही आणि अझहरनं किनाऱ्याजवळच फिरायचं, दिघी बंदराच्या पुढे गेलात तर अम्मीला सांगेन."

"आणि मुहूर्त?" शेठ फोटोसकट परतले होते.

"मुहूर्त बुडाला."

शेठनी तिच्याकडे पाहिलं, ठिपका नसलेल्या पडद्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हंजे चूक मिलाली ती पूजेमुलं! देवीनं दाखवली."

"स्विच ओढल्यामुळे मिळाली!"

"स्विच कोणी ओढला? आणि कशापायी?"

माणूस खोटं बोलत असता तर भांडता आलं असतं.

संध्याकाळी दुरुस्त केलेलं कर्नेल चढवून तिनं स्वतः मेन स्विच खाली ओढला, पुन्हा वर केला. पडदे उजळले आणि ठिपका आला. ती हसली नाही. तिनं चाचणीच्या नियमांत पहिला नियम लिहायला घेतला: मेन स्विच बंद करणे.

"त्याच्या आधी नारळ लिव," मागून शेठ म्हणाले.

दातओठ खात तिनं लिहिलं: नारळ फोडणे. मग त्याच ओळीत, कीबोर्डची कळ मोडेल इतक्या जोरात, आणखी एक शब्द घातला: बाहेर.